ताई, तो गेम खरंच होता की मीच मनाने बनवला?

पत्र थोडक्यात सांगते. लिहिणारी तिशीतली आहे, नाव देत नाही. शाळेत असताना, दुसरी-तिसरीच्या आसपास, कॉम्प्युटर लॅबमध्ये एक गेम खेळल्याचं तिला पक्कं आठवतंय. बर्फाचा डोंगर, त्यावर पळणारे बुटके, त्यांना जाळीने पकडायचं, पकडला की तो गणित घालणार. मग वर किल्ला, किल्ल्यात एकापुढे एक खोल्या, प्रत्येक दारापाशी प्रश्न, मध्येच कुठेतरी एक विदूषक, आणि चुकलं की एक बाई इंग्लिशमध्ये "ट्राय अगेन" म्हणायची. गेमचं नाव आठवत नाही. रात्री जागून जागून शोधलंय. मोठा भाऊ त्याच शाळेत होता, तो म्हणतो असला गेम नव्हताच, तू दोन-चार कार्टून मिसळून स्वप्न बघितलंयस. चॅटबॉटला विचारलं तर दर वेळी वेगळं नाव, त्यातलं एक तर जगात कुठे अस्तित्वातच नाही. नवरा म्हणतो सोड आता. तिचा प्रश्न असा: "इतकं स्वच्छ दिसतंय ते जर खोटं असेल तर लहानपणाचं बाकीचं तरी खरं कशावरून? शोधत राहू की सोडून देऊ?"

अगं, ताई म्हणून लिहिलंयस तर मी सरळ अगंतुगं करते. आणि शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण खरी बोच तिथे आहे असं मला वाटतं.

तू असं धरून चालली आहेस की एकतर गेम अगदी तुला आठवतो तस्साच होता, नाहीतर तू तो बनवलास. पण या दोन्हींच्या मध्ये भरपूर जागा आहे गं, आणि बहुतेक सगळ्यांच्या आठवणी त्या मधल्या जागेतच राहतात. विचार कर, सात-आठ वर्षांची मुलगी, लॅबचा तास एवढासा, त्यात मशीन कमी म्हणून दोघी-तिघी एका खुर्चीवर, तू स्वतः खेळतेस त्याहून जास्त वेळ शेजारच्या स्क्रीनकडे बघत असतेस, पुढच्या वेळी दुसरंच मशीन मिळतं, त्यावर दुसरंच काहीतरी चालू असतं. वीस-पंचवीस वर्षांनी हे सगळं "तो लॅबमधला गेम" अशा एकाच नावाखाली येऊन बसतं. तुकडे खरे असतात, जोडकाम आपलं असतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि घाबरण्यासारखं तर मुळीच नाही, आणि त्यावरून बाकीच्या लहानपणावर शंका घ्यायची तर अजिबात गरज नाही. आई रोज शाळेत सोडायची ही आठवण आणि तिसरीत एकदा बघितलेल्या स्क्रीनची आठवण, दोन्हींना एकच माप कसं लावशील?

आणि आठवण स्वच्छ असण्याचा आणि खरी असण्याचा संबंध आपल्याला वाटतो तेवढा नसतो. मेव्हिस बीकन आठवते का, टायपिंग शिकवणारी? १९८७मध्ये तो प्रोग्राम आला, कव्हरवर एक छान हसरी बाई, आणि कित्येक लोक वर्षानुवर्षं शपथेवर सांगायचे की ती खरीखुरी टायपिंग टीचर आहे. अशी बाई नव्हतीच. नाव कंपनीने ठेवलेलं, फोटो एका मॉडेलचा. म्हणजे बाई खोटी, पण तिच्यापुढे बसून हजारो लोक टायपिंग शिकले ते मात्र खरं.

आता तुझ्या गेमकडे येते. पण त्याआधी एक काम कर, खरंच कर, नुसतं वाचून पुढे जाऊ नकोस. वही घे आणि आठवतंय ते सगळं लिहून काढ, वर आजची तारीख टाक. प्रत्येक गोष्टीपुढे लिही की हे पक्कं, हे बहुतेक, हे नंतर कुठेतरी वाचून आत आलेलं असू शकतं. कारण खाली मी नावं घेणार आहे, आणि एकदा नाव ऐकलं, चित्र बघितलं की आधीची आठवण आधीची राहत नाही.

हे मी उगाच घाबरवायला सांगत नाहीये. १९७४मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, बराच गाजलेला आहे. लोकांना गाड्यांच्या धडकेची छोटी फिल्म दाखवली आणि गाड्यांचा वेग किती असेल ते विचारलं, फक्त काहींना विचारताना "जोरात आदळल्या तेव्हा" म्हटलं आणि काहींना नुसतं "लागल्या तेव्हा". आठवड्याने परत विचारलं, काच फुटलेली बघितली का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. पण "आदळल्या" वाल्या ५० जणांतले १६ हो म्हणाले, "लागल्या" वाल्या ५० जणांतले ७. एका क्रियापदाने एवढा फरक पडतो, मग एवढ्या रात्री तू जे स्क्रीनशॉट बघत बसलीस त्यांनी काय काय केलं असेल बघ.

लिहून झालं? बरं.

तुझं पत्र वाचताना मला एक गेम दिसला नाही, निदान दोन दिसले.

बर्फाचा डोंगर, बुटके, जाळी आणि गणित एवढं बाजूला काढलं तर ते द लर्निंग कंपनीच्या ट्रेझर मॅथस्टॉर्मशी फार जुळतं. १९९२चा गेम. त्याच्या आधी १९९०मध्ये त्याच कंपनीचा ट्रेझर माउंटन आला होता, त्यातही डोंगर चढायचा, कागदाची गुंडाळी घेऊन फिरणारे बुटके जाळीने पकडायचे, ते कोडं घालणार, बरोबर सांगितलं की खजिना कुठे लपवलाय त्याची खूण मिळणार, आणि वर किल्ला. पण तिथे बर्फ नाही. मॅथस्टॉर्ममध्ये त्या मास्टर ऑफ मिस्चिफ नावाच्या खलनायकाने अख्खा डोंगर गोठवून टाकलेला असतो. म्हणून तुझं बर्फ महत्त्वाचं. वहीत बर्फापुढे "पक्कं" लिहिलंयस का ते बघ. आणि मॅथस्टॉर्ममध्ये इग्लूत जाऊन घड्याळाची वेळ जुळवायची आणि गुहेत तराजू समतोल करायचा असले उद्योग होते, यातलं काही वहीत आधीच लिहिलेलं सापडलं तर गेम जवळजवळ सापडलाच म्हणून समज. आत्ता वाचल्यावर "हो हो, तराजू होता की!" असं वाटलं तर त्याला शून्य मार्क.

किल्ल्याचं मात्र वेगळं वाटतं मला. डोंगराच्या टोकावर किल्ला या गेममध्येही आहे, पण खोलीमागून खोली, दाराला प्रश्न, दरबारी वेशातली माणसं हे वर्णन थेट माइंडमेझचं आहे. आणि माइंडमेझ हा सुटा गेम नव्हताच, तो मायक्रोसॉफ्टच्या एन्कार्टा एन्सायक्लोपीडियाच्या सीडीत आत दडलेला होता. एन्कार्टा १९९३मध्ये आला आणि २००९मध्ये बंद झाला, मधल्या काळात अनेक कॉम्प्युटरवर ती सीडी होती. तुला गेमच्या याद्यांमध्ये तो कधीच सापडला नसता कारण तो गेम म्हणून विकलाच गेला नव्हता, तू ज्ञानकोश शोधायला हवा होतास. विदूषक तिथेच शोभतो, डोंगरावर नाही.

ही चूक फार जण करतात म्हणून बाकीच्या वाचकांसाठी पण सांगते. आपण "गेम" शोधतो आणि ती गोष्ट भलत्याच कशाचा तरी भाग असते. बिल्डिंगवर उभे दोन गोरिला एकमेकांना केळी फेकून मारतात, कोन आणि वेग टाइप करायचा, असं आठवणारे तर कितीतरी आहेत, आणि बऱ्याच जणांना तो गणिताचा शैक्षणिक गेम म्हणूनच आठवतो. तो क्यूबेसिक या प्रोग्रामिंगच्या पॅकेजबरोबर नमुना म्हणून यायचा, १९९१च्या एमएस-डॉस ५ या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये. कुणी शिकवण्यासाठी केलाच नव्हता, पोरं कोन शिकली ती शिकली.

उरली ती "ट्राय अगेन" वाली बाई. तिला सध्या बाजूला ठेव. तो आवाज तिसऱ्याच कुठल्यातरी सीडीतला असू शकतो, किंवा लॅबमधल्या टीचरचा पण.

आता तू ज्या पद्धतीने शोधत होतीस तिच्याबद्दल बोलते. तू सगळ्या खुणा एका वाक्यात घालून सर्च केलंस. बर्फ, बुटके, किल्ला, विदूषक, बाईचा आवाज, सगळं एकदम. खुणा जर दोन-तीन गेममधल्या असतील तर ते वाक्य कुठल्याच गेमला लागू पडत नाही, आणि तू जितकी जास्त माहिती घालशील तितकं उत्तर लांब जातं. उलटं करायचं. एका वेळी दोनच खुणा, त्यापण एकाच क्षणातल्या. बुटका आणि जाळी नक्की एकत्र होते ना, तू स्वतः जाळी टाकलीस ना, मग फक्त तेवढंच.

दुसरं म्हणजे दिसायला कसा होता यापेक्षा तुझा हात काय करत होता ते आठव. बाणाच्या बटणांनी माणूस चालवायचीस की माउसने क्लिक? उत्तर टाइप करायचं होतं की चारातलं एक निवडायचं? चुकलं तर जीव जायचा, पैसे जायचे की नुसता आवाज व्हायचा? वेळ संपायची का? रंग आणि चेहरे आपण मनात रंगवत राहतो, हाताची सवय त्या मानाने टिकते असा माझा तरी अनुभव आहे, आणि ज्यांना विचारायचंय त्यांनाही याच माहितीचा उपयोग होतो. "छान छान रंगीत होता" यावरून कुणी काही सांगू शकत नाही.

पण रंगांचा एक उपयोग आहे, साल ठरवायला. कॉम्प्युटरवर रंग दाखवायच्या तीन जुन्या पद्धती होत्या. सगळी स्क्रीन काळी, पांढरी, आकाशी आणि भडक गुलाबी अशी चारच रंगांची आठवत असेल तर ते सीजीए, १९८१ पासूनचं. सोळा रंग, जरा ढोबळ, तर ईजीए, १९८४ नंतर. सूर्यास्ताच्या आकाशात रंग हळूहळू बदलत जातात असं काही आठवत असेल तर व्हीजीए, म्हणजे १९८७ किंवा पुढे. आवाज नुसता पीप-पीप असेल तर कॉम्प्युटरच्या आतल्या बारक्या स्पीकरचा. माणूस सलग बोलत असेल तर साउंड कार्ड होतं आणि बहुतेक सीडी होती, कारण फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं आणि सीडीत ६५०, बडबड ठेवायला जागा सीडीतच. काळ्या स्क्रीनवर टीचर काहीतरी टाइप करून गेम चालू करून द्यायच्या असं आठवत असेल तर डॉस.

इथेच बरेच जण फसतात. तू खेळलीस ते वर्ष आणि गेम निघाला ते वर्ष यात दहा वर्षांचं अंतर सहज असू शकतं. शाळांच्या लॅबमध्ये जुनी मशीन वर्षानुवर्षं चालतात आणि त्यावरचे गेम कुणी बदलत नाही. तू "२००० सालचे गेम" असं शोधत होतीस असं पत्रात लिहिलंयस, तिथेच गाडी चुकली असावी. आठ-दहा वर्षं मागे जाऊन शोधायला हवं.

नावाचंही तसंच. नाव सापडलं की सगळं सुटेल असं तुला वाटतंय, पण एकाच गेमची नावं किती असतात बघ. रीडर रॅबिट हा वाचन शिकवणारा गेम फ्रेंचमध्ये लापँ मालँ म्हणून विकला गेला. झूम्बिनीज, ते निळे गोल-गोल प्राणी, ज्यांच्यामुळे डोंगराच्या कड्याला शिंका यायच्या, तो १९९६चा गेम वेगवेगळ्या आवृत्त्यांत थोड्या वेगळ्या नावांनी आला आणि २०१५मध्ये परत नवा होऊन आला. म्हणून दुसऱ्या एखाद्या मुलाने ज्या नावाने खेळला ते नाव तू कधी स्क्रीनवर बघितलंच नसशील.

शोधायचं कुठे? मोबीगेम्स म्हणून १९९९ पासून चालू असलेला गेमचा मोठा कोश आहे, त्यात शैक्षणिक हा प्रकार, मशीन आणि साल लावून यादी बारीक करता येते आणि बहुतेक गेमचे स्क्रीनशॉट असतात. इंटरनेट अर्काइव्हवर २०१५ पासून डॉसचे हजारो गेम थेट ब्राउझरमध्ये चालतात, काही इन्स्टॉल करायला लागत नाही. यूट्यूबवर लोक जुना गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळून टाकतात, त्यातले न बोलता खेळलेले बघ, बोलणारे सगळं आधीच सांगून टाकतात. रेडिटवर टिप ऑफ माय जॉयस्टिक म्हणून जागा आहे, तिथे असेच विसरलेले गेम ओळखतात, पण तिथे मशीन, साधारण साल, चित्रांची पद्धत, खेळायचं कसं असं ठराविक साच्यात लिहावं लागतं. तो साचा भरता भरताच अर्धं काम होतं खरं तर. आणि ज्यांचा गेम वेबसाइटवरचा, ब्राउझरमधला होता त्यांनी फ्लॅशपॉइंट हा जुने वेब-गेम जपणारा प्रकल्प बघावा. ॲडोबीने २०२० संपताना फ्लॅश, म्हणजे ब्राउझरमध्ये असे गेम चालवणारं सॉफ्टवेअर, बंद केलं आणि जानेवारी २०२१ पासून ते चालायचंच थांबलं, त्यात मुलांचे कितीतरी गेम एका रात्रीत गेले, त्यातले पुष्कळ या लोकांनी जपून ठेवलेत.

चॅटबॉटचं म्हणशील तर अंदाज काढायला हरकत नाही, पण त्याने दिलेलं नाव म्हणजे उत्तर नव्हे. स्क्रीनशॉट मिळाला, साल मिळालं, तरच ते नाव वहीत लिही. आणि तू जितकं वर्णन सांगशील तितका तो तुझ्या वर्णनासारखाच गेम रचून देईल, आणि मग ते रचलेलं तुझ्या आठवणीत जाऊन बसेल, ती वेगळीच डोकेदुखी.

आता दादा. त्याला आठवत नाही म्हणजे नव्हता, हा त्याचा युक्तिवाद तू फार मनावर घेतलायस. तो वरच्या वर्गात होता, त्याचा तास वेगळा, मशीन वेगळं, आणि त्या वयाची मुलं टीचरची पाठ वळली की शैक्षणिक गेम बंद करून दुसरंच काहीतरी लावतात. त्याला प्रिन्स ऑफ पर्शिया विचार, कुठल्या दारामागे खिळे होते ते पण सांगेल. म्हणून "बर्फाचा डोंगर होता ना रे?" असं विचारून वाद घालत बसू नकोस, त्याने काहीच हाती लागत नाही, तो नाही म्हणणारच. "लॅबमध्ये तू काय काय खेळायचास?" एवढंच विचार आणि गप्प बस. बोलू दे त्याला.

शाळेच्या ग्रुपवर विचारायचं असेल तरी हेच, फक्त उत्तरं ग्रुपवर मागू नकोस, एकेकाला वेगळा मेसेज कर. ग्रुपवर पहिल्याने "हो हो, बुटके!" लिहिलं की पुढच्या दहा जणांनाही बुटके आठवणार. वेगवेगळ्या दोघांनी न सांगता तीच खूण सांगितली तर तिला किंमत आहे.

नवऱ्याच्या "सोड आता"चं काय? अर्धं बरोबर आहे त्याचं. रात्री जागून शोधणं सोड, शोध सोडू नकोस. दोन्ही गेम आत्ता बघण्यासारखे आहेत, एखाद्या रविवारी दुपारी बस, मॅथस्टॉर्म चालू कर, एक बुटका पकड. माइंडमेझसाठी जुन्या एन्कार्टाचे व्हिडिओ बघ. ओळख पटायची असेल तर लगेच पटेल. आणि पटली तरी थोडा विरस होईल हे पण सांगून ठेवते. सात वर्षांच्या मुलांसाठी केलेला गेम आहे तो, मोठ्या माणसाला दहा मिनिटांत कंटाळा येतो, आणि तुला आठवणारा अफाट डोंगर प्रत्यक्षात तीन टप्प्यांचा निघतो.

आणि दोन्ही नाही निघाले तर? तेही शक्य आहे. काही गेम खरंच सापडत नाहीत. कुठल्यातरी शिक्षकाने बेसिक नाहीतर लोगो या प्रोग्रामिंगच्या भाषांत स्वतः लिहिलेले, एखाद्या छोट्या कंपनीने थोड्या प्रती काढून बंद केलेले, त्यांची कुठे नोंदच नाही. गाजलेल्या गेमची अवस्था तरी काय आहे, व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३मध्ये पाहणी केली तर अमेरिकेत २०१०च्या आधी निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज विकत मिळतच नाहीत असं निघालं. तसं झालं तर तुझी ती तारीख टाकलेली वहीच त्या गेमची एकमेव नोंद असू शकते, म्हणून ती मात्र फेकू नकोस, आणि मोबीगेम्सवर दर काही महिन्यांनी नवं काय आलंय ते एकदा बघत जा.

बर्फ, घड्याळ, तराजू यातलं वहीत आधीपासून काय काय निघालं ते मला नक्की कळव. आणि दादाला व्हिडिओची लिंक पाठवायचा मोह होईल तुला, पण आधी त्याचं सगळं बोलून होऊ दे.